उन्हातान्हात राबणाऱ्यांचे उद्बोधन: आयोजकांसाठी मार्गदर्शिका

उघड्यावर काम करणाऱ्यांना उन्हापासून वाचवण्याची मोहीम हाती घ्यायची असेल, तर आधी एक गृहीतक पक्के करून घ्यावे: ऊन बाधते हे त्या लोकांना ठाऊक नाही. हे गृहीतक डळमळले की पुढचे सगळेच कोसळते. पोस्टर छापता येत नाही, पथनाट्य बसवता येत नाही, मान्यवरांच्या हस्ते टोप्या वाटता येत नाहीत. चंद्रपुरात मे महिन्याच्या भर दुपारी रस्त्यावर गरम डांबर पसरवणाऱ्या माणसाला ऊन कळते असे एकदा कबूल केले, की मग तो तिथे का उभा आहे असे कुणीतरी विचारते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर जनजागृतीच्या लेखाशीर्षात बसत नाही. वास्तविक खिशात कांदा ठेवणे, कानांवरून टॉवेल घट्ट आवळणे, सकाळी आंबील किंवा ताक पिऊन घर सोडणे, हे सगळे त्याच्याकडे पोस्टरच्या कितीतरी आधीपासून चालत आले आहे. त्यातले काही उपयोगाचे (ताक), काही निव्वळ धीर देणारे (कांदा). पण समोर अडाणी असल्याशिवाय शहाणे करून सोडण्याचे समाधान मिळत नाही, म्हणून ही माहिती आयोजकांनी स्वतःपुरती ठेवावी.

पोस्टरचा मजकूर तयार मिळतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सूचना सर्वांना उपलब्ध आहेत: दुपारी बारा ते तीन उन्हात जाणे टाळा, त्या वेळेत बाहेर अंगमेहनतीची कामे करू नका, फिक्या रंगाचे सैल सुती कपडे घाला, तहान नसली तरी पाणी पीत राहा. सूचना शास्त्राला धरून आहेत, त्यांत खोट काढायला जागा नाही. कौशल्य लागते ते त्या कुणाला द्यायच्या यात. त्या नेहमी मजुराला द्याव्यात. मुकादमाला, ठेकेदाराला किंवा कार्यादेशावर सही करणाऱ्या अभियंत्याला चुकूनही देऊ नयेत. बारा ते तीन घरात थांबा, हे पेन्शनवर असलेल्या गृहस्थांना सांगितले तर तो सल्ला होतो. नाक्यावरून उचलून आणलेल्या बिगाऱ्याला सांगितले, तर आजच्या रोजावर पाणी सोड आणि उद्या इथे येऊ नकोस, एवढाच त्याचा अर्थ उरतो. पोस्टर बांधकामाभोवतीच्या पत्र्यांवर रस्त्याच्या बाजूने लावावे, म्हणजे आतल्यांना दिसले नाही तरी जाणाऱ्यायेणाऱ्यांना कंपनीचे बोधचिन्ह दिसते. चित्रात छत्री जरूर असावी. डोक्यावर घमेले आणि दोन्ही हात घमेल्याला असताना छत्री कशात धरायची, हा चित्रकाराचा विषय नव्हे.

मोहिमेचे उद्घाटन सकाळी नऊच्या आत उरकावे. यामागे अनुभव आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मोकळ्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा दुपारपर्यंत चालला. व्यासपीठावर छत होते, समोर बसलेल्या लाखोंच्या डोक्यावर आभाळ होते. चौदा जणांचे प्राण गेले. त्यानंतर राज्य सरकारने ऊन उतरेपर्यंत दुपारी बारा ते पाच या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घ्यायला मनाई केली. म्हणजे या पाच तासांत माणसे उघड्यावर असणे धोक्याचे आहे, हे सरकारला जाहीरपणे मान्य आहे. अट इतकीच, की ती माणसे खुर्चीत बसून टाळ्या वाजवणारी असावीत. संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी त्याच पाच तासांत मांडवाचे बांबू रोवणाऱ्यांना ही मनाई लागू झाल्याचे ऐकिवात नाही.

भाषणात तापमानाचा आकडा सांगावा लागतो. तो हवामान खात्याचा घ्यावा आणि कसा मोजला, याच्या खोलात शिरू नये. खात्याचा तापमापक एका लाकडी पेटीत असतो. पेटीला पांढरा रंग, चारही बाजूंना दुहेरी तिरप्या पट्ट्या, आत खेळती हवा, जमिनीपासून कमरेच्या वर उंची, आणि दार उत्तरेकडे, म्हणजे आकडा वाचायला ते उघडले तरी आत ऊन शिरू नये. ही रचना एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधले दीपगृहांचे अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांनी केली. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे हे वडील. एवढा बंदोबस्त अशासाठी, की ऊन थेट लागले तर उपकरण भलतेच आकडे दाखवू लागते. तेव्हा बातमीतले चव्वेचाळीस अंश हे सावलीत, वाऱ्याला बसलेल्या पाऱ्याचे असतात. स्लॅबवरच्या माणसाच्या वाट्याला त्याखेरीज थेट ऊन, पायाखालच्या लोखंडाची आणि काँक्रीटची धग, हवेतला दमटपणा आणि स्वतःच्या स्नायूंनी तयार केलेली उष्णता येते. या सगळ्याचा एकत्र हिशेब करण्याची पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकेच्या मरीन सैनिकांच्या प्रशिक्षण तळावर तयार झाली. ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक, काळ्या पोकळ गोळ्यातला तापमापक आणि साधा तापमापक अशा तिघांच्या आकड्यांतून ती ऊन, वारा आणि दमटपणा एकदम धरते. आयोजकांनी हे उपकरण विकत घेऊ नये. ते घेतले की मुंबईच्या किनाऱ्यावर चौतीस अंशांच्या चिकट दुपारीही काम थांबवण्याजोगा आकडा दिसू शकतो, आणि किनारपट्टीवर तापमान किमान सदतीसला पोहोचल्याशिवाय उष्णतेची लाट जाहीरच होत नसल्याने, त्या दिवशी मोहीम कुठल्या सदरात घालायची असा पेच पडतो.

यानंतर वाटपाचा भाग. टोपी स्वस्त आणि छायाचित्रात ठळक दिसणारी, तेव्हा ती घ्यावीच. पण काहींना सनस्क्रीनचे आकर्षण असते. त्याला आधारही आहे. ऑस्ट्रेलियाने १९८१ मध्ये एका कार्टून पक्ष्याच्या तोंडून शर्ट घाला, क्रीम लावा, टोपी घाला असे देशभर गाऊन घेतले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२३ मध्ये मिळून मांडलेला अंदाज असा, की मेलॅनोमा सोडून इतर त्वचा-कर्करोगांनी होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ एक तृतीयांश उन्हात काम केल्यामुळे होतात. २०१९ साली १८३ देशांत मिळून असे सुमारे १९,००० मृत्यू. आता आक्षेप येईल, की आपली कातडी सावळी, आपल्याला हा धोका कमी. खरे आहे, बराच कमी. मात्र मोतीबिंदू आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळावर सरकणारी वाढ कातडीचा रंग पाहून येत नाहीत, आणि वाटपाच्या यादीत गॉगल क्वचितच असतो. शिवाय मेलॅनिन अतिनील किरण अडवते, उष्णता अडवत नाही. सनस्क्रीनही शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने उतरवत नाही. जो माणूस उष्माघाताने मरतो तो कातडी करपून मरत नाही. घामाने अंग थंड ठेवणे शरीराला जमेनासे होते, आतले तापमान चाळीसच्या पुढे जाते, आणि मेंदूपासून मूत्रपिंडापर्यंत सगळेच एकेक करून ढेपाळते. या दोन वेगळ्या गोष्टींची मोहिमेत खुशाल सरमिसळ करावी, कारण ट्यूब वाटता येते आणि दुपारची विश्रांती वाटता येत नाही. ट्यूबचा हिशेबही कुणी मांडू नये. चेहरा आणि मान यांना दोन बोटांवर मावेल एवढे क्रीम, घाम आला की दर दोन तासांनी पुन्हा. सिमेंटची भुकटी चिकटते ती वेगळीच. पन्नास ग्रॅमची ट्यूब अशाने दोन आठवडेही पुरत नाही, आणि पुढची विकत घ्यायची तर एका दिवसाच्या मजुरीचा मोठा तुकडा तिच्यात जातो.

त्याच ठिकाणी काम करणाऱ्या बायकांकडे मात्र पाहू नये, नाहीतर वाटपाचा उत्साह मावळतो. नऊवारी किंवा गोल साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट, बाह्यांची बटणे मनगटाशी लावलेली. डोक्यावरून पदर, त्यावरून तोंडाभोवती टॉवेल, फक्त डोळे उघडे. त्यावर चुंबळ आणि चुंबळीवर घमेले. सैल, सुती, फिके, अंगभर. कापूस वेचणाऱ्या, निंदणाऱ्या, रस्त्याची खडी टाकणाऱ्या सगळ्या जणींनी हा पोशाख कुठल्याही शिबिराला न जाता गाठला आहे. यांना टोपी दिली तर ती त्या घरी नातवाला देतात. (योग्यच करतात.)

पाण्याचा प्रश्न आयोजकांना सोपा वाटतो: जार ठेवला, ओआरएसची पाकिटे वाटली, झाले. तरीही बायका पाणी पीत नाहीत असे आढळले तर त्याला अज्ञान म्हणावे. साइटवर संडास नाही, आडोसा नाही, आणि म्हणून त्या सकाळपासून मोजून घोट घेतात, हे कारण अहवालात लिहू नये. लिहिले तर जारच्या शेजारी संडास बांधावा लागतो आणि त्याला उद्घाटक मिळत नाही. पाणी कमी पडल्याचे फळ लगेच दिसत नाही हीही मोठी सोय आहे. एल साल्वाडोर आणि निकाराग्वातल्या उसाच्या फडांत ऐन तारुण्यातल्या तोडणी कामगारांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, तेव्हा कुठे त्याची चर्चा सुरू झाली. तिथे काही ठिकाणी फडाबरोबर सरकणारे तंबू, पाठीवर पाण्याची पिशवी आणि ठरावीक अंतराने सक्तीची विश्रांती असा प्रयोग झाला. एल साल्वाडोरमध्ये माणशी ऊसतोड त्यामुळे घटली नाही, उलट वाढली. हा निष्कर्ष आपल्या साखरपट्ट्यात फार पसरू नये याची काळजी घ्यावी.

आता सगळ्यांत अवघड आक्षेप. विचारणारा म्हणेल, की हे लोक स्वतःहून दुपारी काम करतात. आम्ही थांबा म्हटले तरी थांबत नाहीत. मोहिमेला याहून मोठा आधार नाही, म्हणून तो नीट वापरावा, फक्त त्याच्या पोटात काय आहे ते उघडून दाखवू नये. गडचिरोली, गोंदियाकडे मे महिन्यात तेंदूपाने तोडणारी कुटुंबे पहाटेच्या अंधारात जंगलात शिरतात, ऊन चढायच्या आत पाने घेऊन परततात, दुपारी घराच्या सावलीत सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि ऊन कलल्यावर फडीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून देतात. मजुरी नगावर, म्हणजे जास्त राबावे असा मोह इथेही आहेच, तरी भर दुपारी तोडणी कुणी करत नाही. कारण केव्हा तोडायचे हे तोडणारा ठरवतो. बीडहून कारखान्यावर गेलेल्या ऊसतोड जोडप्याची मजुरीही वजनावरच असते, पण त्यांचे घड्याळ गाडीच्या हातात. ट्रॅक्टर फडाच्या बांधावर येऊन उभा राहिला की ऊन किती आहे हे कुणी विचारत नाही. हंगामाआधी घेतलेली उचल फिटायची आहे, आणि आजारपणाने एक दिवस गेला तर खाडा म्हणून पैसे कापले जातात, म्हणजे अंगात ताप असूनही कोयता उचलणे हा शुद्ध हिशेब आहे. रोजगार हमीच्या कामावर मोजमापाने दाम, बांधकामावर उक्ते काम, घरपोच जेवण पोचवणाऱ्या मुलाला फेरीमागे पैसे आणि दुपारी एक ते तीन हीच मागणीची वेळ. या प्रत्येकाला विश्रांतीची किंमत रुपयांत ठाऊक आहे. ऊन किती वाईट हे त्याला समजावून त्या किमतीत एक पैशाचा फरक पडत नाही. अहमदाबादच्या ‘सेवा’ या श्रमिक स्त्रियांच्या संघटनेने हे ओळखून २०२३ पासून आपल्या सदस्य स्त्रियांसाठी तापमानाशी जोडलेला विमा आणला: पारा ठरलेली पातळी ओलांडून टिकला की बुडालेल्या रोजापोटी थोडे पैसे मिळतात. रक्कम लहान आहे, पण प्रश्न कुठे आहे ते तिने बरोबर हेरले आहे. आयोजकांनी अशा प्रयोगांचे कौतुक करून पुढच्या विषयाकडे वळावे.

त्यांना सवय असते, हा आक्षेप नसून आयोजकांच्याच बाजूचा युक्तिवाद आहे, पण तो जपून वापरावा, कारण तो अर्धा खरा आहे. उन्हात काम करता करता एकदोन आठवड्यांत शरीर शिकते: घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जाते, हृदयावरचा ताण उतरतो. पण काही आठवडे काम सुटले की हे शिक्षण पुसले जाते. लग्नसराईला गावी जाऊन मे महिन्यात साइटवर परतलेला गडी पहिल्या दिवशी नवखाच असतो. अमेरिकेत कामाच्या जागी उष्णतेने झालेल्या मृत्यूंच्या तपासणीत बहुसंख्य मृत्यू कामाच्या पहिल्याच आठवड्यातले निघाले. तेव्हा नव्या माणसाला पहिल्या दिवशी अगदी थोडे काम द्यावे आणि ते रोज थोडे थोडे वाढवत न्यावे असे शास्त्र सांगते, आणि नवा आहे तर जरा अंग मोडून दाखव, असे मुकादम सांगतो.

काम थांबवणे परवडणार नाही, असे म्हणणाऱ्यांसमोर संयुक्त अरब अमिरातीचे उदाहरण काढू नये. तिथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेता येत नाही. कतारने २०२१ पासून ही बंदी सकाळी दहा ते दुपारी साडेतीन केली आणि मघाशी सांगितलेल्या तीन तापमापकांच्या पद्धतीने आकडा ३२.१ वर गेला, तर वेळ कोणतीही असो, काम थांबवायचे असे ठरवले. आखाती देश मजुरांचे माहेरघर आहेत असे कुणीच म्हणणार नाही, आणि नियम मोडले जातात हेही उघड आहे; तरी इमारती तिथेही वेळेवर उभ्या राहतात. आपल्याकडे २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत कामावर पिण्याचे पाणी, मुलांसाठी आणि विश्रांतीसाठी सावली आणि प्रथमोपचार पेटी लिहून ठेवली गेली. महाराष्ट्राला तर रोजगार हमीचा त्याच्याही आधीचा, १९७२ च्या दुष्काळापासूनचा सराव आहे. म्हणजे सावली कुणाची जबाबदारी हे केव्हाच छापले गेले आहे. आणि दुपारची वेळ वाहतुकीलाही वर्ज्य मानता येते, हे नागपूरने दाखवून दिले: गेल्या काही उन्हाळ्यांत तिथल्या अनेक चौकांतले सिग्नल भर दुपारी बंद ठेवले गेले, का तर लाल दिव्यापाशी दुचाकीस्वारांना मिनिटभर उन्हात ताटकळावे लागू नये. निर्णय दयाळूपणाचा आहे. त्याच चौकात केबलसाठी खड्डा खणणाऱ्याला तो कळला असेल तर त्याने तो कसा घेतला असेल, याची चौकशी मोहिमेच्या कक्षेत येत नाही.

इतके होऊनही एखादा हट्टी माणूस म्हणेल, की साइटवर उन्हापासून संरक्षण करायचे तंत्र, माणसे आणि पैसा मुळात आहे कुठे? त्याला मान्य करावे लागेल, की ते सगळे आहे, नियमात बसवलेले आहे आणि रोज पाळलेही जाते. ते काँक्रीटसाठी असते. कडक उन्हात काँक्रीट कसे करावे यासाठी स्वतंत्र भारतीय मानक आहे. ओतताना मिश्रण चाळीस अंशांवर जाऊ द्यायचे नाही, त्यासाठी खडी-वाळू सावलीत ठेवायची, पाण्यात बर्फ घालायचा, काम संध्याकाळी किंवा रात्री काढायचे. ओतून झाल्यावर वाफे करून पाणी साठवायचे किंवा ओले गोणपाट अंथरायचे, आणि हवा कोरडी व तापलेली असेल तर भारतीय मानक ४५६ प्रमाणे किमान दहा दिवस पृष्ठभाग ओलसर ठेवायचा. मोठ्या कामावर याची नोंदवही असते, अभियंता येऊन बोटाने दाबून पाहतो, आणि पाणी मारण्यात हयगय झाली तर ठेकेदाराचे बिल अडते. जागरूकतेचे पोस्टर काँक्रीटला कुणी दाखवत नाही. या कामाला एक माणूस नेमलेला असतो. तो नळी घेऊन दुपारीच उभा राहतो, कारण गोणपाट वाळते ते दुपारी. त्याच्यासाठी पोस्टरमध्ये एक ओळ वाढवावी: भोवळ येऊ लागली तरी ओले पोते उचलून डोक्यावर घेऊ नये, तिथला भाग उघडा पडतो आणि स्लॅबला बारीक तडे जातात.